वकील संघटनेची वर्गणी : स्वखुशीने भरावी, हिशेब मागून भरावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये वार्षिक वर्गणीचे पावतीपुस्तक फिरू लागले, तेव्हा दीड वर्षापूर्वी सनद मिळालेल्या एका तरुण वकिलाने मला सगळ्यांसमोर विचारले, "मॅडम, असोसिएशनचे सदस्यत्व ऐच्छिक आहे ना? मग मी पैसे का भरायचे?" त्याच्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता. खानापूर तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून तो रोज बसने येतो, एका ज्येष्ठ वकिलांकडे काम शिकतो आणि महिनाअखेरीस जे हातात पडते त्यात प्रवास, दुपारचे जेवण आणि कोर्टाचे कपडे एवढेच कसेबसे भागवतो. पावती फाडणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी "सगळे भरतात, तूही भर" एवढेच उत्तर दिले आणि पुस्तक पुढच्या टेबलाकडे गेले. मला ते उत्तर अपुरे वाटले. बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, खानापूर या कोर्टांत नव्याने उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना या प्रश्नाचे नीट उत्तर मिळावे, आणि आमच्या संघटनांच्याही कानावर काही गोष्टी घालाव्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम एक घोळ दूर करायला हवा, कारण वर्तमानपत्रांतून येणाऱ्या बातम्यांमुळे तो वाढला आहे. बार कौन्सिल आणि बार असोसिएशन या दोन वेगळ्या संस्था आहेत. बार कौन्सिल ही 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने निर्माण केलेली वैधानिक संस्था. आपल्या राज्याची बेंगळूरला आहे, तिच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय कोणालाही वकिली करता येत नाही, आणि शिस्तभंगाची कारवाईही तीच करते. बार असोसिएशन ही त्या त्या गावच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलांनी आपल्या मर्जीने स्थापन केलेली संघटना. राज्यघटनेच्या 19(1)(ग) या कलमाने संघटना करण्याचा जो हक्क दिला आहे, त्याच हक्काचे ते एक रूप आहे. पहिल्या संस्थेला द्यायचे ते शुल्क कायद्याने ठरलेले आहे, तर दुसरीला द्यायची ती वर्गणी सदस्यांनी सभेत ठरवलेली असते.

30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात जो निकाल दिला तो पहिल्या प्रकारच्या पैशाबद्दल होता. सनद देताना कायद्याच्या 24 व्या कलमात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे राज्य कौन्सिलचे 600 आणि अखिल भारतीय कौन्सिलचे 150 असे मिळून 750 रुपये, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी 125 रुपये यांपेक्षा जास्त रक्कम कोणत्याही राज्य कौन्सिलने घेऊ नये, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याआधी देशातल्या अनेक राज्यांत सनदेसाठी हजारो रुपये मोजावे लागत होते आणि गरीब घरातल्या मुलांना त्यासाठी कर्ज काढावे लागत होते, हे आम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये, कर्नाटकच्या कौन्सिलविषयीच एक प्रकरण सुनावणीला आले तेव्हा, सनदेबरोबर 'ऐच्छिक' या नावाखाली कोणतीही रक्कम घ्यायची नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने बजावले. माझ्या तरुण सहकाऱ्याने मोबाईलवर वाचलेली बातमी हीच. त्यात 'ऐच्छिक' हा शब्द आला आणि त्याला वाटले की बार रूममधली वर्गणीही त्याच निकालाने रद्द झाली. तसे झालेले नाही. संघटनेची वर्गणी त्या निकालाच्या कक्षेत येत नाही. मात्र त्या निकालामागची भावना संघटनांनीही मनावर घ्यावी अशी आहे, आणि त्याविषयी मी पुढे लिहिणार आहे.

मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, कायदा बेळगावात इंग्रजीतून शिकले, आणि कोर्टात उभी राहिले तेव्हा दावे, कैफियती (दाव्याला दिलेली लेखी उत्तरे), साक्षी, निकाल सगळे कन्नडमध्ये होते. बोलण्यापुरते कन्नड सीमाभागात कोणालाही येते, पण कैफियत लिहिण्याएवढे मला येत नव्हते. पहिल्या वर्षीची 200 रुपये वर्गणी मी नाइलाजाने भरली, हे कबूल करते. त्या दोनशे रुपयांत मला काय मिळाले ते मात्र रुपयांत मोजता येणार नाही. आमच्या बार रूमच्या लांब टेबलावर एक कन्नडभाषक ज्येष्ठ सहकारी रोज दुपारी अडीच वाजता माझे हस्तलिखित समोर घेत आणि पेन्सिलीने दुरुस्त करत. "वादी आणि प्रतिवादी हे दोन शब्द तुमच्याकडेही तेच आणि आमच्याकडेही तेच, बाकीचे मी शिकवतो," असे म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि दोन वर्षे हे काम केले. त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. आम्ही दोघे एकाच संघटनेचे सदस्य होतो, एवढेच आमचे नाते.

दुसरा प्रसंग याहून मोलाचा आहे. वाटणीच्या एका दाव्यात माझ्या पक्षकाराकडे पणजोबांच्या काळचे मोडीतले वाटणीपत्र होते. हा मुलूख 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी कागदपत्रे, गहाणखते, वतनाचे कागद मोडीत आणि मराठीत असतात, हे इथल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. पण मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. आमच्या संघटनेत तेव्हा साठी उलटलेले एक वकील होते. त्यांनी भिंग घेतले, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि तो कागद उजेडाकडे धरून ओळ ओळ मोठ्याने वाचू लागले. शाई कडेला उडालेली होती. आधी ज्याने कागद वाचला होता त्याने एका जागी गावाचे नाव समजून भलताच शब्द उतरवला होता आणि त्यामुळे जमीन शेजारच्या गावातली असल्याचा गोंधळ उभा राहिला होता. ते त्या शब्दावर थांबले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, "अहो, हे गावाचे नाव नव्हे, 'मौजे मजकूर' आहे. म्हणजे वर ज्या गावाचा उल्लेख झाला तेच गाव." त्या एका शब्दाने जमीन पुन्हा जिथली तिथे आली. मग त्या मोडीचे बाळबोध, म्हणजे देवनागरी, मी लिहिले, एका कन्नड सहकाऱ्याने त्याचे भाषांतर तपासले, आणि कागद कोर्टात दाखल झाला. तीन लिप्यांतून एक कागद नेणारी माणसे एकाच खोलीत भेटतात, ती खोली संघटनेची असते. तिचे वीजबिल, पंखे, कपाटे आणि झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार वर्गणीतून भागतो.

कपाटांचेही सांगते. आज तरुणांना निवाडे मोबाईलवर मिळतात, त्यामुळे बार लायब्ररीतले बांधीव खंड त्यांना अडगळ वाटतात. परंतु आपल्या भागातल्या जमिनींचे वाद मुळातून समजून घ्यायचे असतील, तर 1948 चा मुंबई कूळ कायदा, त्यावरचे मुंबई उच्च न्यायालयाचे जुने निवाडे, आणि मग कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यात 1 मार्च 1974 पासून झालेला बदल, ही साखळी वाचावीच लागते. ज्यांच्या आजोबांनी तेव्हा सात नंबरचा फॉर्म, म्हणजे कसत असलेली जमीन आपल्या नावावर मिळावी म्हणून कुळाने करायचा अर्ज, भरला आणि ज्यांच्या आजोबांनी भरला नाही, त्यांच्या नातवंडांचे खटले अजून आमच्या हातात येत असतात. मुंबई लॉ रिपोर्टरचे ते खंड एकेकट्या वकिलाने विकत घेतले नसते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी वर्गणी भरली म्हणून ते कपाटात आहेत.

वर्गणीचा तिसरा उपयोग एकत्रित आवाजाचा. उत्तर कर्नाटकातल्या वकिलांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली म्हणून 2008 मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले आणि 2013 मध्ये ते कायम झाले. त्याआधी अपिलासाठी बेंगळूरला जावे लागे. खानापूरचा शेतकरी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून जाई, तारीख पडली की दुसऱ्या रात्री परत येई, आणि एका तारखेला त्याचे दोन-तीन दिवस जात. आता तो सकाळी निघून संध्याकाळी घरी येतो. वकिलांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा डिसेंबर 2023 मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनात मंजूर झाला, तोही चिक्कमगळूरला एका वकिलाला पोलिसांकडून मारहाण झाल्यावर राज्यभरच्या संघटना एकत्र उभ्या राहिल्या म्हणून. सीमेपलीकडे पाहिले तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशके मागितलेले मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सुरू झाले. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर आहे आणि तरी त्याचे अपील धारवाडला जाते, याची जी कळ सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मनात उठते ती इथे लपवण्याचे कारण नाही. सीमाभाग कोणत्या राज्यात असावा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे 2004 पासून आहे. पण खंडपीठ मिळवायचे तर एकेकट्याचा अर्ज पुरत नाही, हे कोल्हापूरकरांनीही दाखवले आणि धारवाडकरांनीही.

हे सर्व सांगून झाल्यावर दुसरी बाजू सांगणे मला भाग आहे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

2021 च्या साथीत माझे एक सहकारी वारले. ते दुसऱ्या तालुक्यात वकिली करत. 2020 च्या मार्चपासून कोर्टे बंद-चालू होत राहिली, त्यांच्या घरातले उत्पन्न थांबले, आणि बावीस वर्षे न चुकता वर्गणी भरणाऱ्या त्या माणसाची दोन वर्षांची वर्गणी थकली. त्यांच्या पत्नी कल्याण निधीच्या रकमेसाठी अर्ज घेऊन स्थानिक संघटनेकडे शिफारशीची सही मागायला गेल्या, तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत सनदेची प्रत, मृत्यूचा दाखला आणि जुन्या पावत्यांचे पुडके. पदाधिकाऱ्यांनी वही उघडली, बोट फिरवले आणि थकबाकी व विलंब आकार भरल्याशिवाय सही होणार नाही असे सांगितले. वहिनींनी काही वाद घातला नाही, "किती होतात?" एवढेच विचारले. आम्ही सहा जणांनी तिथल्या तिथे खिशातून पैसे काढून दिले. मग त्या गृहस्थांनी कार्बन घालून पावती फाडली, आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख आणि मृत माणसाचे नाव लिहिले. ती पावती वहिनींनी पिशवीत बाकीच्या पावत्यांवर ठेवली.

कागदावर त्या संघटनेचे कदाचित बरोबर असेल. थकबाकीदाराला सदस्याचे हक्क मिळत नाहीत, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. पण कल्याण निधी संघटनेच्या वर्गणीतून उभा राहिलेला नाही. कर्नाटकात 1983 पासून वकील कल्याण निधीचा कायदा आहे आणि प्रत्येक वकीलपत्रावर आम्ही जो वेल्फेअर स्टॅम्प लावतो त्याचा पैसा त्या निधीत जातो. ते सहकारी आयुष्यभर स्टॅम्प लावत आले होते. शिफारशीची सही ही ओळख पटवण्याची सही आहे, ती वसुलीचे साधन होता कामा नये. ज्या वर्गणीला आपण स्वखुशीची म्हणतो ती विधवेच्या अर्जावर अडवून वसूल केली, की तिचा स्वखुशीचा अर्थ उरत नाही, आणि मग सर्वोच्च न्यायालयाने 'ऐच्छिक' या शब्दावर जी बंदी घातली तिचे कारण आपल्या दारात येऊन उभे राहते.

अशीच अडवणूक लहान प्रमाणातही चालते. वर्गणी न भरलेल्या नवख्याला बार रूममध्ये बसू न देणे, त्याच्या नावाचे टपाल न स्वीकारणे, ओळखपत्राच्या अर्जावर सही लांबवणे, हे प्रकार मी वेगवेगळ्या कोर्टांत ऐकले आहेत. ज्यांना सदस्यच व्हायचे नाही त्यांनी लायब्ररीची सोय मागू नये, हे मला मान्य आहे. पण कोर्टात उभे राहण्याचा हक्क अॅडव्होकेट्स अॅक्टने दिलेला आहे, तो संघटनेच्या वहीवर अवलंबून नाही, आणि तसे भासवणे हे आम्हा कायदा जाणणाऱ्यांना शोभत नाही.

हिशेबाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोसायटी नोंदणीच्या 1960 च्या कायद्याखाली नोंद झालेल्या संस्थेने दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची असते आणि ताळेबंद नोंदणी अधिकाऱ्यांकडे सादर करायचा असतो. आम्ही वकील सहकारी पतसंस्थांना, देवस्थान समित्यांना, शिक्षणसंस्थांना याच मुद्द्यावर कोर्टात धारेवर धरतो. आपल्या घरी मात्र अनेकदा सभा उभ्या उभ्या आटोपते, खजिनदार एक आकडा वाचतात आणि हात वर होतात. माझ्या तरुण सहकाऱ्याचा प्रश्न खरे म्हणजे इथे येऊन पोहोचतो. त्याने भरलेल्या पैशातले किती पुस्तकांना गेले, किती निरोप समारंभाला गेले आणि किती शिल्लक आहे, हे त्याला भिंतीवर लावलेल्या एका कागदावर वाचता आले असते, तर त्याने तो प्रश्न विचारलाच नसता. बहिष्काराच्या आणि कामबंदच्या दिवशी मंडप व लाऊडस्पीकरवर झालेला खर्चही त्यात दिसला पाहिजे. वकिलांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टन हरीश उप्पल प्रकरणात 2002 मध्येच सांगितले आहे, त्यामुळे या खर्चाला ज्याची संमती नाही अशा सदस्याला तो निदान कळण्याचा तरी हक्क आहे.

महिलांचेही सांगायलाच हवे. मी वर्गणी भरू लागले तेव्हापासून कितीतरी वर्षे महिला वकिलांसाठी वेगळी खोली नव्हती. कपडे बदलायला, आणि लेकुरवाळ्या सहकारी भगिनीला बाळाला पाजायला, आम्ही रेकॉर्ड रूमच्या मागची जागा वापरत असू. वर्गणी मात्र पुरुषांइतकीच होती. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळूरच्या वकील संघटनेत खजिनदाराचे पद महिलेसाठी राखून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तिजोरीची वही स्त्रीच्या हातात आली की खर्चाच्या यादीत कोणत्या गोष्टी आधी येतात, ते घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे. तालुक्याच्या संघटनांतही हा विचार आदेशाची वाट न पाहता रुजावा.

नवख्यांच्या ऐपतीबद्दलही थोडे. ऑक्टोबर 2024 मध्ये अखिल भारतीय बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांना शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आमच्याकडच्या तालुका कोर्टांत अजून पोहोचायची आहे. ज्या ज्येष्ठांची स्वतःचीच मिळकत हंगामी पिकासारखी आहे, ते एवढे देऊ शकत नाहीत, हेही मी जाणते. म्हणून पहिल्या तीन वर्षांच्या वकिलाकडून वर्गणी नाममात्र घ्यावी किंवा चार हप्त्यांत घ्यावी, आणि तूट पंचवीस वर्षांपेक्षा जास्त वकिली झालेल्या माझ्यासारख्यांनी भरून काढावी. मला दुप्पट वर्गणी सांगितली तरी मी ती आनंदाने भरीन. ज्या टेबलावर माझे कन्नड दुरुस्त झाले त्या टेबलाचे माझ्यावर ऋण आहे.

त्या तरुणाला मी दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावले आणि वर लिहिले ते सगळे सांगितले, वहिनींच्या पावतीची हकीकतही सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि वर्गणी भरली. भरताना मात्र त्याने गेल्या वर्षीचा ताळेबंद पाहायला मागितला. तो अजून त्याला मिळालेला नाही. येत्या वार्षिक सभेत मी लेखी ठराव मांडणार आहे. जमाखर्च दर तीन महिन्यांनी बार रूमच्या फलकावर लावावा, कल्याण निधीच्या अर्जावरची शिफारस थकबाकीसाठी अडवू नये, आणि नवख्यांची वर्गणी कमी करावी, अशा त्यातल्या मागण्या आहेत. सूचक म्हणून माझी सही आहे आणि अनुमोदक म्हणून त्या तरुणाची. निपाणी, चिक्कोडी, अथणी, हुक्केरी अशा इतर तालुक्यांत जिथे अशी पद्धत आधीच सुरू असेल, तिथल्या वकील बंधुभगिनींनी आपल्या दैनिकातून तिची माहिती कळवावी. सभेत आम्हाला तिचा आधार घेता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक महिला वकील
खानापूर, जि. बेळगाव